सोनेरी पट्टीवरचं कुंकू

घाटकोपरच्या भटवाडीत सुलक्षणा घाडी कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील. दातांच्या दवाखान्यातल्या सुलूताई म्हणा, रिक्षावाला दारापर्यंत आणून सोडेल. निम्म्या वस्तीच्या दाढा तिच्या देखत उपटल्या गेल्या आहेत, त्यामुळे लोक तिला जरा वचकूनच असतात. डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभं राहून हत्यारं हातात द्यायची, थुंकायला भांडं पुढे करायचं आणि बोलत राहायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. आ वासून पडलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाटचंही तीच बोलायची. पण बोलताना डोळा असायचा पेशंटच्या हातांवर. बोटांनी खुर्चीचा दांडा आवळला की ती डॉक्टरांच्या कोपराला हळूच हात लावी, आणि डॉक्टर थांबत.

निवृत्त झाली तेव्हा शाल-नारळ तर घेतलाच, वर तोंडात बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसाही मागून घेतला. कशाला हवाय म्हणून डॉक्टरांनी विचारलं. "फ्रिजमागची झुरळं दिसतात त्यात," ती म्हणाली.

अशा बोलक्या बाईच्या नशिबी नवरा आणि मुलगा दोघेही मुखदुर्बळ आले. दशरथचं तोंड उघडायला गणपतीची आरती लागायची. तो गेला, आणि त्याचं ते गप्प राहणं जसंच्या तसं मुलाकडे, सुयोगकडे आलं. सुयोग लहानपणापासून समोरासमोर काही बोलत नसे. सुलक्षणा मोरीत पाठमोरी बसून मासळी साफ करत असली की मागून हळूच सांगायचा, आज शाळेत अमुक झालं. ती वळून बघायला गेली की गोष्ट तिथेच संपायची. म्हणून ती बांगड्याच्या पोटात बोटं घालून तशीच बसून राहायची.

आणि त्याचा दुसरा एक गुण असा की तो कुठलीही गोष्ट एकदाच मागायचा. शाळेची सहल होती मनोरीला. "आई, मी जाऊ?" असं त्याने एकदा विचारलं. ती घाईत होती, "बघू" म्हणाली. सहलीच्या दिवशी पोरगा घरातच. अरे, विचारायचंस ना परत, असं ती म्हणाली, तर म्हणे, "राहू दे." रागाने नाही, रडून नाही. नुसतं राहू दे. त्या दोन शब्दांची सुलक्षणाला जी धास्ती बसली ती कायमची.

तो कॅनडाला गेल्यावर फोनवर "जेवलीस?" आणि "हो" यापलीकडे गाडी जाईना. मग त्यानेच एक युक्ती काढली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने तिला ट्रक चालवायचा एक गेम लावून दिला. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने ट्रक हाकायचा, दुसऱ्याने शेजारी बसून नकाशा वाचायचा. तो तिकडे त्याच्या घरात, ती इकडे भटवाडीत, कानाला हेडफोन. रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे त्याच्याकडे सकाळ. पहिले काही रविवार तिने झाडांना, डोंगरांना आणि एकदा पोलीस चौकीला ट्रक ठोकला. मग हात बसला. आणि दोघांचे डोळे रस्त्यावर असले की सुयोग बोलायला लागला. जान्हवीशी लग्न करतोय, हे त्याने तिला घाटाच्या एका वळणावर सांगितलं. तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचता येईनात, तेव्हा त्याने इथल्या दुकानातून हा भलामोठा फोर-के टीव्ही परस्पर घरी पाठवला. भिंतभर टीव्ही आणि त्याच्याखाली ब्रेडच्या डब्याएवढा कॉम्प्युटर, अशी ती जोडी दिसायची. शेजारची शुभा म्हणे, "सुलूताई, तुमच्याकडे थिएटर आहे, पण पिक्चर एकच."

आणि मग तो पिक्चरही बंद पडला. गेमचा नवा भाग आला, बर्फातला. तो सुलक्षणाच्या कॉम्प्युटरला झेपेना. नेमक्या त्याच दिवसांत सुयोग फोन उचलेनासा झाला. मेसेज केला तर "ठीक आहे" एवढंच. रविवारमागून रविवार कोरडे गेले. कामात असेल, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. शेवटी एक दिवस जान्हवीचा फोन आला. ती बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून.

"आई, मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. त्याची नोकरी गेलीय. खोलीतून बाहेर येत नाही. नीट जेवत नाही, माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर भिंतीकडे तोंड करतो. तुमच्याशी बोलला तर बोलेल."

सुलक्षणाला काय करावं ते सुचेना. दोनच दिवसांनी मोबाईलवर त्याचा मेसेज आला. "रविवारी सहाला बर्फात जातोय. येशील?"

तिने मागचापुढचा विचार न करता लिहिलं, "येते." लिहून झाल्यावर तिची नजर त्या ब्रेडच्या डब्याकडे गेली. कॉम्प्युटर चालत नाही असं कळवता आलं असतं. पण त्यावर काय उत्तर येईल ते तिला पाठ होतं. पोराने एकदा दार वाजवलं होतं. परत वाजवणार नव्हता.

बाजारातल्या हर्षदचं कॉम्प्युटरचं दुकान तिच्या ओळखीचं. त्याची अक्कलदाढ निघाली तेव्हा त्याचा हात तिनेच धरला होता. शनिवारी ती कॉम्प्युटर उचलून रिक्षाने त्याच्याकडे गेली. हर्षदने डबा उघडून आत डोकावलं. "मावशी, नव्या गेमला ग्राफिक्सचं कार्ड लागतं, पण याच्यात मोठं कार्ड घुसणारच नाही. हे बघ, बुटकं कार्ड येतं. ग्राफिक्स झकास, टीव्हीला फोर-के देतं, आणि वेगळी वायरपण नको. बसवून देतो, दहा मिनटाचं काम."

"आज नको."

"का?"

"अमावस्या आहे. त्यातून शनिवार."

हर्षदने कपाळाला हात लावला. "मावशी, उद्या दुकान बंद. मी फॅमिलीला घेऊन मनोरीला चाललोय."

"मग तू दाखव मला. मी लावीन."

आता कुणीही म्हणेल, एवढा जीव टांगणीला लागलेला असताना ही बाई पंचांग बघते. पण अशा वेळीच बघतात. सगळं सुरळीत असताना अमावस्या कुणाच्या लक्षात राहते? आपल्या हातून कसूर राहायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. हर्षदने गेम आणि लागणारं सगळं आत भरून दिलं, दुसरं एक जुनं कार्ड घेऊन ते खाचेत कसं बसवायचं ते करून दाखवलं. टक आवाज आला की बसलं. तिने त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला.

रविवारी दुपारी तिने टीव्हीसमोर सतरंजी अंथरली. निरांजन लावलं, नवं कार्ड पाटावर ठेवलं. हातात मावेल एवढीशी वस्तू, काळी, मध्ये छोटा पंखा. हळदकुंकू कुठे लावावं हा प्रश्न आला. पंख्यात जाऊन चालणार नाही, एवढं तिला कळत होतं. काळ्या अंगावर उठून दिसेना. खालच्या बाजूला मात्र एक सोनेरी पट्टी होती, नथीच्या सोन्यासारखी लखलखीत. हेच याचं कपाळ, असं तिच्या मनाने घेतलं. ओल्या बोटाने तिने आधी हळद टेकवली, मग कुंकू, चांगलं ठसठशीत. वर अक्षता टाकल्या, हात जोडले. "माझ्या पोराला बोलतं कर," ती त्या कार्डाला म्हणाली. मग अक्षता झटकून, व्हिडिओ बघत बघत तिने ते खाचेत बसवलं. टक आवाज आला.

टीव्हीची केबल नव्या कार्डात खोचून तिने बटण दाबलं. टीव्ही काळा. कोपऱ्यात तेवढी पाटी, सिग्नल नाही. तिने रिमोटवरून सगळे पर्याय फिरवून पाहिले. केबल काढून, फुंकर मारून परत लावली. काळाच. मग तिने केबल कॉम्प्युटरच्या जुन्या भोकात घातली, आणि चित्र आलं. हायसं वाटलं तिला, पण क्षणभरच. गेमवर बोट दाबलं तर तो ग्राफिक्स कार्ड सापडत नाही म्हणून तोंडावर दार लावून मोकळा. नवं कार्ड डब्यात बसलं होतं आणि डब्याला त्याचा पत्ता नव्हता.

घड्याळ सहाकडे सरकत होतं. तिने हर्षदला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी उचलला तेव्हा मागे वारा, पोरांचा गलका आणि बोटीचं इंजिन.

"हर्षद, काळं दिसतंय रे सगळं."

"मावशी, फेरीबोटीत आहे मी. पंखा फिरतो का? चालू करताना जरा तरी हलतो का?"

तिने बटण बंद करून चालू केलं, डोळ्यात तेल घालून पाहिलं. "नाही हलत."

"मग नीट बसलं नाही. नाहीतर मध्ये काहीतरी आलंय. पॉवर बंद कर, काढ, आणि ती सोनेरी पट्टी आहे ना, तिला..." पुढचं वाऱ्याने नेलं. फोन कट झाला. पुन्हा लावला तर रेंजच्या बाहेर.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शुभा, हातात वाटी. "सुलूताई, थोडं विरजण आहे का? आणि तुमचा चेहरा असा का झालाय?" विरजण देता देता सुलक्षणाने नेहमीची एकही गोष्ट सांगितली नाही, तेव्हा शुभाही घाबरून निमूट घरी गेली.

सहा वाजले. चित्र जुन्या भोकातून येत होतं, त्यामुळे गेमचं दार दिसत होतं, आत जाता येत नव्हतं. आणि त्या दारावर सुयोगच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. तो आला होता. बसला होता. सुलक्षणाने मोबाईलवर लिहिलं, "आले आले, जरा थांब." मेसेज वाचल्याची खूण आली.

तिने कॉम्प्युटर बंद करून डबा उघडला, कार्ड ओढलं. घामाने बोटं निसटत होती. पुन्हा बसवलं, पुन्हा टक, पुन्हा काळं. पुन्हा काढलं. तेवढ्यात मोबाईल थरथरला.

"राहू दे आई. नसेल जमत तर."

सुलक्षणा सतरंजीवर तशीच बसून राहिली. सहलीच्या दिवशी घरी बसलेला तो पोरगा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तेव्हा ती बरं म्हणाली होती आणि कामाला गेली होती. आता तिला राग आला. त्याच्यावर नाही, त्या दोन शब्दांवर. तिने लिहिलं, "राहू देणार नाही. तू बसून राहा. मी येतेय." लिहून मोबाईल उशीखाली सारला, म्हणजे बघायचा मोहच नको.

मग ती दवाखान्यातली सुलूताई झाली. मोठा श्वास घेतला. दुखतंय कुठे ते आधी बघायचं, हत्यार नंतर. तिने तो लांब दांड्याचा आरसा आणला, मोबाईल उशीखालून काढून त्याची बॅटरी लावली, आणि ज्या अरुंद खाचेत कार्ड बसत होतं तिच्यात आरसा तिरका धरला. दाताच्या मागची बाजू बघायला धरतात तसाच. आरशात लाल दिसलं. तिचा हात क्षणभर थबकला, कारण तोंडात लाल म्हणजे रक्त. मग डोकं ताळ्यावर आलं. तिने कार्ड उलटं करून उजेडात धरलं. सोनेरी पट्टीवर हळदकुंकवाचा लगदा वाळून घट्ट बसला होता. तिचंच बोट, तिनेच टेकवलेलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. ज्याच्यासाठी हात जोडले त्याच्याच वाटेत तिने स्वतःच्या हाताने कुंकू भरून ठेवलं होतं. रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. आणि पुसायचं कसं या विचाराने हात अडला. लावलेलं कुंकू पुसणं तिच्या जिवावर आलं. दशरथ गेला तेव्हा बायकांनी पुढे केलेला हात तिने झटकला होता आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं होतं. त्या बाईला आता एका कार्डाचं कुंकू पुसायचं होतं. "माफ कर," असं देवाला की कार्डाला, कुणाला तरी म्हणून तिने कपाटातून स्पिरीट आणि कापूस काढला.

पट्टी दोन्ही बाजूंनी पुसली. कापूस लाल, मग गुलाबी, मग पांढरा राहिला. खाचेत नवाकोरा मऊ टूथब्रश स्पिरीटमध्ये किंचित बुडवून घातला, आरशात बघत बघत एकेक फट साफ केली. स्पिरीट उडून जाईपर्यंत थांबणं भाग होतं. ते थांबणं फार कठीण गेलं. खाली रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत होता, आणि वर ही बाई कार्डाला वर्तमानपत्राने वारा घालत बसली होती.

टक. केबल नव्या कार्डात. बटण. पंखा दचकल्यासारखा हलला आणि फिरायला लागला. टीव्ही काळा राहिला, राहिला, आणि मग भिंतभर उजेड पडला.

हिरवा ठिपका अजून होता.

गेमचं दार उघडलं. पांढरं शुभ्र बर्फ, इतकं स्पष्ट की देवदारांच्या पानांवरचे थर मोजता यावेत. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता आणि नकाशावाल्याच्या जागेवर सुयोग बसून होता. चालकाची जागा त्याने रिकामी ठेवली होती. सुलक्षणाने हेडफोन कानाला लावला. "आले रे," ती म्हणाली. तिकडून नुसता श्वास.

तिने कंट्रोलर हातात घेऊन ट्रक काढला. बोलू नकोस, ती स्वतःला बजावत होती, तोंडात हत्यार असताना विचारायचं नसतं. जेवलास का, झोपलास का, नोकरीचं काय, जिभेवर आलेलं सगळं तिने गिळलं. पण ट्रक भलताच वागत होता. डावीकडे वळवला की थोड्या वेळाने वळायचा. दोनदा कठड्याला घासला. ती घाबरीघुबरी झाली. कार्ड बिघडवलं बहुतेक आपण.

"आई," सुयोगचा आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. "टीव्हीचा गेम मोड लाव. चित्र उशिरा पोचतंय तुझ्याकडे."

तिने रिमोटवर शोधून लावला. ट्रक ताळ्यावर आला. तिच्या चालवण्यावरून त्याला कळलं होतं, तेही इतक्या लांबून, अशा अवस्थेत. तिचे डोळे भरून आले, पण रस्ता दिसणं भाग होतं म्हणून तिने पदराने पुसले.

"उशीर का झाला?" त्याने विचारलं.

"कार्ड चालेना. मी त्याला हळदकुंकू लावलं होतं."

"कुठे?"

"त्या सोनेरी पट्टीवर."

तिकडून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता. "कॉन्टॅक्टला? करंट जातो तिथेच तू कुंकू लावलंस?"

"नवी वस्तू आहे. बिनकुंकवाची कशी सुरू करायची?"

तो हसतच राहिला. मागून जान्हवीचा आवाज आला, काय झालं म्हणून. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे लागलं ते सुलक्षणाला कळलं नाही. तिने ट्रकचा वेग कमी केला, थांबवला मात्र नाही. ट्रक थांबला तर सुयोगही थांबेल हे तिला ठाऊक होतं.

"पुढे डावीकडे वळण आहे," तो नाक ओढत म्हणाला. मग त्याच सुरात, "माझी नोकरी गेलीय."

"हं."

"बरेच दिवस झाले. तुला कसं सांगायचं कळत नव्हतं."

"हं." आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटचं बोललेली बाई आज एका हुंकारावर भागवत होती. वळण आलं, तिने घेतलं. पुढे दरीच्या काठाने सरळ रस्ता होता.

"जान्हवी म्हणते आईला विचार." पुन्हा श्वास. "मी घरी येऊ? थोडे दिवस?"

एकदाच विचारणार होता तो. दुसऱ्यांदा नाही.

"ये," ती म्हणाली. त्याचं पुरतं बोलूनही झालं नव्हतं. "ये रे झिला, कधी पण ये, आताच्या आता ये." आणि दोन्ही हात कंट्रोलरवरून सुटून तिच्या तोंडाशी गेले.

ट्रक सरळ गेला, कठडा तोडून खाली गेला, आणि दरीतल्या बर्फात उताणा पडून चाकं फिरवत राहिला. पडद्यावर पुन्हा सुरुवात करायची का अशी पाटी आली. कितीतरी वेळ दोघांपैकी कुणीही ती दाबली नाही.